टाळ्या आणि हक्क : बाळू पालवणकरांच्या कारकिर्दीचा अर्थ

१

खेळाच्या मैदानात जात नसते, असे विधान आपल्याकडे वारंवार केले जाते. ते करणारे नेहमी सवर्णच असतात असेही नाही. गेल्या वर्षी बी. ए.च्या वर्गात बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा शिकवीत होतो. तेव्हा आमच्याच वस्तीतला एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, हे सगळे नोकरीत आणि भाड्याच्या खोलीत चालते. मैदानावर कोण जात विचारतो? तिथे ज्याच्या अंगात गुण आहे तो जिंकतो.’’ हा मुलगा सकाळी तालमीत जातो आणि रात्री टीव्हीवर परदेशी मल्लांच्या झुंजी पाहतो. त्याच्या बोलण्यात भाबडेपणा होता, पण आशाही होती. आशा उडवून लावणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ती तपासून देणे हे मात्र त्याचे काम आहे.

त्या तपासणीसाठी प्रस्तुत लेखात मी दोन खेळाडूंचा विचार करणार आहे. दोघेही परक्यांच्या मैदानावर खेळले आणि दोघांच्याही जन्माला त्यांच्या समाजात हीन लेखले जात होते. पहिला एक कोरियन मल्ल. त्याने आपला जन्म लपवला. दुसरे आपले बाळू पालवणकर. त्यांना तो लपवता येणे शक्यच नव्हते. मल्लाची गोष्ट मी तुलनेपुरती घेतो. खरा विषय आहे तो पालवणकरांच्या कारकिर्दीचा, आणि त्या कारकिर्दीतून निघालेल्या दोन परस्परविरोधी निष्कर्षांचा.

२

रिकिदोझान हे जपानमधले एकेकाळचे घरोघरी पोचलेले नाव. १९५४ साली किमुरा मासाहिको या ज्युदोपटूला जोडीला घेऊन तो शार्प बंधू या गोऱ्या मल्लांशी लढला. दूरचित्रवाणी तेव्हा तिथे नुकतीच सुरू झालेली. घरी संच घेण्याची ऐपत थोड्यांचीच, म्हणून चौकात लावलेल्या संचांपुढे माणसांची गर्दी लोटली. नऊ वर्षांपूर्वी अमेरिकेपुढे शरण गेलेले राष्ट्र पाहत होते की आपला एक माणूस धिप्पाड गोऱ्याला तळहाताच्या कडेने मारून आडवा पाडतो आहे. धंदेवाईक कुस्तीतले निकाल बहुधा आधीच ठरलेले असतात. परंतु त्या गर्दीच्या लेखी हे गौण होते. तिला हरलेल्या युद्धाचा सूड हवा होता आणि तो तिला मिळत होता.

हा ‘जपानी’ वीर मात्र जपानी नव्हता. त्याचे नाव किम शिन-राक. जन्म १९२४ चा, कोरियाच्या उत्तर भागातला. कोरिया १९१० पासून १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात होता आणि जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन माणसाला कामधंद्यात नि घरासाठी हीन वागणूक मिळत असे. किम कोवळ्या वयात सुमो शिकायला जपानला आला, ‘सेकिवाके’ या वरच्या श्रेणीपर्यंत चढला, १९५० साली सुमो सोडून पुढच्या वर्षी धंदेवाईक कुस्तीत उतरला. दरम्यान त्याला मोमोता मित्सुहिरो हे जपानी नाव मिळाले होते. त्याच्या जाहीर चरित्रात जन्मगाव म्हणून नागासाकीकडचे ओमुरा लागले. डिसेंबर १९६३ मध्ये टोकियोच्या एका नाइट क्लबात त्याला सुरा भोसकला गेला आणि आठवडाभरात तो वारला. तोवर त्याच्यासाठी टाळ्या पिटणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला त्याचा जन्म ठाऊक नव्हता.

त्याच १९६३ साली इकडे बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. बागुलांचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि खोली मिळावी म्हणून जात लपवतो. रिकिदोझानने राष्ट्राचे प्रेम मिळावे म्हणून जन्म लपवला. दोघांची पातळी वेगळी, पण व्यवहार एकच. समाज म्हणतो : तुझे श्रम आम्हाला चालतील, तुझे शरीर चालेल, तुझा विजय तर फारच चालेल, तेवढे तुझे नाव बाहेर ठेवून ये.

३

बाळू पालवणकरांना हा व्यवहार करण्याची सोय नव्हती. ते ज्या गावात खेळायला लागले त्या गावाला त्यांची जात माहीत होती. जन्म १८७६ चा, धारवाडचा. जात चांभार. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, वडील लष्करात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचाही प्रवास असाच कोकणातून लष्करी छावणीपर्यंतचा आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडेल.

पुण्यात बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात लागली. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तिथे जाळ्यात सराव करणाऱ्या साहेबांना चेंडू टाकून देणे हे त्यांचे काम झाले. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामांकित गोरे फलंदाज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. या सरावातून बाळूंची डावखुरी संथ फिरकी तयार झाली. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली गेली नाही. फलंदाजी ही साहेबाची हौस होती आणि गोलंदाजी ही नोकराची मजुरी. पालवणकरांची कला या मजुरीतून घडली, ही गोष्ट त्यांच्याविषयी लिहिताना कधीही सुटता कामा नये.

पुण्यातल्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते. हरवू शकेल असा गोलंदाज चांभार निघाला. त्याला घ्यावे की नाही यावर संघात वाद झाला आणि अखेर गरजेने निर्णय दिला. बाळू संघात आले. मैदानावर सवर्ण गडी त्यांच्या हातचा चेंडू झेलू लागले. मध्यंतराचा चहा मात्र बाळूंना मंडपाबाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. तोंड धुवायचे असेल तर अस्पृश्य गडी पाणी घेऊन बाजूला येई.

यातली विसंगती नीट पाहावी. क्रिकेटचा चेंडू कातड्याचा. ते कमावणारे आणि शिवणारे हात कोणाचे, हे पुण्याच्या ब्रह्मवृंदाला ठाऊक नव्हते असे नाही. तो कातडी चेंडू सवर्ण खेळाडू पँटवर घासून घेई, त्याला थुंकी लावी, पण त्याच चेंडूने त्याला सामना जिंकून देणाऱ्या माणसाच्या कपाला त्याचा हात लागत नसे. धर्मशास्त्राने विजयाला विटाळातून सूट दिली होती. माणसाला दिली नव्हती.

न्यायमूर्ती रानड्यांनी एका समारंभात खेळाडूंना सुनावले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत नसावी. ही त्यांची सहृदयता मान्य केली पाहिजे. परंतु ती सवर्णांच्या सद्बुद्धीला केलेली विनंती होती. बाळूंचा त्यावर काही हक्क आहे, असा विचार तिच्यात नव्हता.

४

पुण्यातल्या प्लेगच्या दिवसांत पालवणकर कुटुंब मुंबईस आले. हिंदू जिमखान्यालाही आधी कुरकूर करून त्यांना घ्यावेच लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू होते आणि धाकटे बंधू शिवरामही होते. राज्यकर्त्या जातीला तिच्याच खेळात हरवल्याचा आनंद साऱ्या सुशिक्षित हिंदू समाजाने साजरा केला.

मग १९११ चा इंग्लंडचा दौरा आला. हिंदुस्थानचा सर्वधर्मीय संघ प्रथमच विलायतेला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षे एकोणीस. ते मोजकेच सामने खेळले. संघ एकूण २३ सामने खेळला, त्यांतले ६ जिंकला, १५ हरला, २ अनिर्णित राहिले. या पडझडीत बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांहून कमी. त्यांतले ७५ बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ गडी त्यांनी १०३ धावांत टिपले. लिस्टरशायर आणि सॉमरसेट या काउंटी संघांना हिंदी संघाने हरवले. सॉमरसेटविरुद्धचा विजय केवळ एका गड्याने मिळाला आणि त्यात शिवराम यांचे नाबाद शतक होते. त्या वेळी बाळूंचे वय पस्तीस होते. ऐन उमेदीची वर्षे पुण्याची खेळपट्टी झाडण्यात आणि साहेबांच्या सरावात गेलेली.

हा परदेश त्यांच्यासाठी काय होता? इंग्लंडच्या मैदानावर चहाचा कप वेगळा ठेवणारी रूढी नव्हती. धावफलकावर जात लिहीत नसत. इतक्यापुरती त्या विद्यार्थ्याची गोष्ट खरी आहे. परके मैदान कधीकधी आपल्या गावाहून न्यायी असते. परंतु या न्यायाला फार चढवून ठेवण्याचे कारण नाही. तेही साम्राज्याचेच मैदान होते आणि त्याने कर्णधारपद राजघराण्यातल्या एका तरुणाला दिले होते. कर्णधार जन्माने ठरला, बळी मात्र कष्टाने मिळवावे लागले. साहेबाचा देश आणि आपला देश यांत एवढे साम्य होतेच.

बाळू परत आले तेव्हा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीच्या मानपत्राशी एका तरुण महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे नाव जोडलेले आहे. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वीस वर्षांच्या भीमरावांना बाळूंच्या रूपाने काय दिसले असेल, हे समजणे अवघड नाही. आपल्यातला एक माणूस, आपल्यासारखाच लष्करी घरातला, जगापुढे उभा राहिला आणि कमी पडला नाही.

५

तरीही बाळू पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार कधीच झाले नाहीत. १९१२ पासून मुंबईत चौरंगी सामने सुरू झाले. बाळू संघातले सर्वांत अनुभवी खेळाडू होते. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै हे ब्राह्मण. त्यांनीच जाहीरपणे सांगितले की, हा मान बाळूंचा होता. पैंचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. पण ज्याचा मान त्याला तो मिळाला नाही, हेही त्याच वाक्यातून सिद्ध होते. गोलंदाजी श्रम आहे, कर्णधारपद सत्ता आहे. सवर्ण समाज अस्पृश्याचे श्रम घ्यायला तयार होता. त्याचा हुकूम मानायला तयार नव्हता.

१९२० साल या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी पडल्यावर, ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल पालवणकरांना डावलून दि. ब. देवधरांना कर्णधार केले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. दलित खेळाडूंनी जातीच्या कारणास्तव सामन्यावर टाकलेला हा बहिष्कार होय. त्याचा परिणाम झाला. पै परतले तेव्हा तिघेही भाऊ संघात होते आणि बाळू उपकर्णधार होते. पैंनी काही वेळ मैदान सोडले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

त्याच १९२० च्या मे अखेरीस आमच्या नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती. एकीकडे बहिष्कृत माणूस परिषदेत हक्क मागत होता, दुसरीकडे मैदानावर तो खेळ नाकारत होता. या दोन घटनांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध होता असे मी म्हणत नाही. पण दोन्हींमागची जाणीव एकाच काळाची आहे. बाळूंना वीस वर्षांच्या गुणांनी जे मिळाले नाही ते भावांच्या एका नकाराने हलले, एवढे तरी इतिहास सांगतो.

६

आता अवघड भागाकडे वळतो. आमच्या चळवळीत पालवणकरांचे नाव सहसा घेतले जात नाही, त्याचे कारण या भागात आहे.

१९३२ मध्ये बाळू स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात उभे राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेला, म्हणजे बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या निर्धाराला, त्यांनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्याच्या सत्काराच्या मानपत्राशी १९११ साली आंबेडकरांचे नाव जोडले गेले, त्यालाच २६ वर्षांनी आंबेडकरांच्या समोर आणून उभे केले गेले. ‘केले गेले’ असे मी हेतुपुरस्सर लिहितो. पण त्यामुळे बाळूंची स्वतःची जबाबदारी संपत नाही. त्यांनी घेतलेली बाजू चुकीची होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र चूक म्हटले की समीक्षेचे काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. ही चूक कोठून आली? मला वाटते, ती त्यांच्या कारकिर्दीतूनच आली. मंडपाबाहेरच्या मातीच्या भांड्यापासून उपकर्णधारपदापर्यंतचा प्रवास त्यांनी केला होता. धाकट्या भावाला सवर्णांच्या खांद्यावर बसलेले पाहिले होते. अशा माणसाला वाटणारच की, धीर धरला, गुण दाखवले, तर हिंदू समाज हळूहळू बदलतो. आपल्या आयुष्याचा अनुभव त्यांनी साऱ्या समाजाचा नियम मानला. बाबासाहेबांनी तीच कारकीर्द पाहिली आणि उलटा निष्कर्ष काढला. विलायतेत ११४ बळी घेणाऱ्याला जर कर्णधारपद मिळत नसेल, तर जो बळी घेऊ शकत नाही, ज्याच्यापाशी चेंडू नाही, मैदान नाही, त्या महाडच्या आणि नागपूरच्या माणसाने कशाच्या बळावर वाट पाहायची? १९२७ साली महाडला पाणी प्यायला गेलेल्यांपाशी कोणता असामान्य गुण होता? काहीच नाही. ती माणसे होती, आणि तेवढे पुरेसे आहे, हाच त्या सत्याग्रहाचा अर्थ.

गुणवत्तेचा मार्ग एकेकट्यासाठी असतो आणि त्याच्या दाराशी परीक्षक उभा असतो. हक्काचा मार्ग सर्वांसाठी असतो आणि त्याला परीक्षक लागत नाही. बाळू आणि बाबासाहेब यांच्यातला झगडा व्यक्तींचा नव्हता, या दोन मार्गांचा होता.

हा झगडा आजही संपलेला नाही. मी प्राध्यापक म्हणून रुजू झालो त्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझी पाठ थोपटून म्हटले, ‘‘तुम्ही स्वतःच्या गुणांवर आलेले दिसता.’’ त्यांचा हेतू कौतुकाचा होता. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. क्षणभर मलाही बरे वाटले, हे कबूल करतो. घरी येताना उमगले की, या कौतुकात माझ्यामागून येणाऱ्या शंभर मुलांचा अपमान दडलेला आहे. मला त्यांच्यापासून वेगळे काढून आत घेतले जात होते. तेव्हा पासून मला बाळू पालवणकरांचा राग येत नाही. त्यांचा मोह मी ओळखतो.

७

शेवटी स्मृतीविषयी. २००१ साली ‘लगान’ हा हिंदी चित्रपट आला. त्यातला अस्पृश्य फिरकी गोलंदाज कचरा पाहताना अनेकांना बाळूंची आठवण झाली. आठवण होते तेवढ्यात फरकही दिसायला हवा. कचऱ्याचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळे. म्हणजे त्याची कला ही कला नसून दैवाचा अपघात आहे. त्याला संघात घेतले जाते ते सवर्ण नायकाच्या भाषणामुळे. तो स्वतः जवळजवळ बोलतच नाही. शेवटी विजयाचा फटका त्याच्या बॅटीतून निघत नाही. तो एक धाव काढून बाजूला होतो आणि षटकार नायक मारतो. बाळूंनी वर्षानुवर्षे घाम गाळून कमावलेली फिरकी पडद्यावर येता येता व्यंग झाली आणि १९२० चा बहिष्कार नायकाच्या औदार्यात विरघळला. लोकप्रिय कलेला आमचा विजय हवा असतो, आमचा नकार नको असतो.

पण दोष केवळ पडद्याला का द्यावा? विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन मराठीत लिहिले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, म्हणजे त्याच्या तीस वर्षांनंतरचे. आम्ही दलित आत्मकथनांची चर्चा करतो तेव्हा विठ्ठलांचे पुस्तक आमच्या हिशेबात क्वचितच येते. पालवणकर बंधूंची कहाणी पुन्हा सर्वांसमोर आली ती २००२ साली, रामचंद्र गुहांच्या इंग्रजी ग्रंथातून. आमच्या भाषेतल्या माणसाची ओळख आम्हाला इंग्रजीतून करून घ्यावी लागली. १९३७ च्या मतपत्रिकेवर नाव चुकीच्या बाजूला होते, म्हणून आम्ही १९११ आणि १९२० ही सालेही विसरलो. ज्या चळवळीने विवेक हे मूल्य मानले तिला हे शोभत नाही. बाळूंची राजकीय भूमिका नाकारूनही त्यांचे श्रम आणि त्यांच्या भावांचा नकार आपल्या वारशात घेता येतो.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. तालीम सोडू नकोस, जरूर जिंक, असे सांगितले. रिकिदोझानसारखे नाव लपवून जिंकू नकोस. बाळूंसारखे नाव घेऊन जिंकलास तर जिंकल्यावर मिळणाऱ्या टाळ्यांना हक्क समजू नकोस. टाळ्या देणाऱ्याच्या हातात असतात आणि तो त्या कधीही थांबवू शकतो. चहा कोठे मिळाला, कर्णधार कोणाला केले, आणि तुझ्या मागून येणाऱ्या सामान्य मुलासाठी दार उघडे राहिले की नाही, हे तीन प्रश्न प्रत्येक विजयानंतर विचार.

तो काही बोलला नाही. तास संपल्यावर मात्र त्याने विचारले, ‘‘सर, विठ्ठलांचे ते पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे का?’’ ते नव्हते. ते मागवण्याची चिठ्ठी आम्ही दोघांनी मिळून लिहिली. वाचकांनी आपापल्या महाविद्यालयात, वाचनालयात आणि विहारात तशी एक एक चिठ्ठी लिहावी, एवढीच या लेखाची मागणी आहे.